बाविसावा पेला

अठरा जानेवारी, रविवार. सिद्धेश्वराच्या जत्रेची, म्हणजे आमच्या गड्ड्याची, सुट्टी संपत आली होती आणि मी बालवाडीत पेल्यांना पाणी घालत होते. चहाचे कागदी पेले, एकूण बावीस. प्रत्येकात माती आणि मातीत एक दाणा. सुट्टीत मुलं येत नाहीत, पण रोपांना पाणी लागतंच. म्हणून एक दिवसाआड मी सात रस्त्यावरून रिक्षानं पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत यायची, कुलूप उघडायची, चमच्यानं पाणी घालायची आणि परत जायची. काम वीस मिनिटांचं, जायला-यायला तास.

मदतनीस मावशी म्हणाल्या होत्या, "बाई, मी घालते की पाणी. माझं घर हितंच हाय." मी नको म्हटलं. त्या तांब्यानं ओततात, माती वाहून जाते. हे कारण खरं होतं. दुसरं कारण असं की सुट्टीत मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

मी एकावन्न वर्षांची आहे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का? बरी आहेस ना?" तिन्हीचं उत्तर मी एकदमच देते, हो. मग तो त्याच्या स्वयंपाकघरातली नवी शेगडी दाखवतो आणि आम्ही फोन ठेवतो. मुलगा चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण आठवडाभरात मला कोणी काही विचारलं असं म्हणायचं तर ते बालवाडीतच, दहा ते एक.

तिथेही पूर्वी कोणी काही विचारायचं नाही. मी शिकवायची, मुलं म्हणायची. दोन वर्षांपूर्वी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेनं आम्हा बायकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला आलेली पोरगी माझ्या मुलाच्या वयाची होती. तिनं पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं एक माझ्या लक्षात राहिलं. मुलानं काही विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. 'तुला काय वाटतं?' असं विचारा. ते काहीही बोललं तरी 'आपल्याला कसं बघता येईल?' असं विचारा. मला पटलं, कारण समजावून सांगण्यापेक्षा यात मेहनत कमी दिसली. प्रत्यक्षात ती जास्त निघाली. पण तोवर सवय लागली होती. खिडकीखाली मी एक फळी ठोकून घेतली. तिच्यावर लोहचुंबक, भिंग, पाण्याची पाटी, दगड, पिसं, मुलं आणतील ते. फळीवरचं काहीही कोणीही कधीही हातात घ्यावं.

त्या फळीपाशी सगळ्यात जास्त असायची ती एक पाच वर्षांची मुलगी. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आली तेव्हा कोपऱ्यात बसायची. दिवाळीनंतर तिला कंठ फुटला. पाण्याच्या पाटीत आम्ही संत्रं टाकलं, ते तरंगलं. सोलून टाकलं, ते बुडालं. बाकीची मुलं टाळ्या वाजवून खाऊकडे वळली. तिनं सालीचे तुकडे एकेक करून पाण्यात सोडले, ते तरंगताना बघितले आणि मला म्हणाली, "सालच त्याला धरून ठिवती व्हय?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "वाटत न्हाय, दिसतंय की."

एकदा तिनं विचारलं, "बाई, माग बंद केला की आवाज कुटं जातो?"

मी नेहमीसारखं तिलाच विचारलं. ती म्हणाली, भिंतीत जात असंल, कारण माग चालू असताना भिंतीला हात लावला तर भिंत थरथरते, बंद केला की थांबते. हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी मिक्सर लावला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून उभी राहिले आणि मिक्सर बंद केला. ओटा थांबल्याचं हाताला कळलं. मग बराच वेळ काहीच आवाज नव्हता. फ्लॅटमध्ये तसा तो रोजच नसतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे लक्ष द्यायला एक कारण होतं. तिचा प्रश्न मी असा घरी घेऊन यायची. रात्रीच्या भाकरीबरोबर तो पुरायचा.

पेल्यांचा प्रयोग जत्रेच्या आधीच्या सोमवारी सुरू केला. मुलांना सांगितलं होतं, घरातून एकच दाणा आणा. कोणता ते मी सांगितलं नाही. मटकी आली, हरभरा आला, मूग, हुलगे, ज्वारी, एकानं साबुदाणा आणला. तो आम्ही आधी भिजवून बघितला आणि त्याला दुसरा दाणा आणायला पाठवलं. तिनं शेंगदाणा आणला होता. पेल्यावर नाव लिहिता येत नाही म्हणून प्रत्येकाला एकेक चित्र दिलं होतं. तिच्या पेल्यावर छत्री. "आपला दाणा आपल्याला ओळखता आला पाहिजे," असं मी सगळ्यांना बजावलं.

मी व्यवहारी बाई आहे. पेला लाथेनं सांडतो, उंदीर खातो, म्हणून त्याच दिवशी वाण्याकडून कच्चे शेंगदाणे, हरभरे, मटकी आणून मी घरी गॅलरीतल्या कुंडीत जादाचे दाणे लावून ठेवले.

तर अठरा तारखेला एकवीस पेल्यांत काही ना काही वर आलं होतं. हरभऱ्याला पानं फुटली होती. फक्त छत्रीच्या पेल्यात काही नव्हतं. मी चमच्यानं माती बाजूला केली. दाणा फुगून मऊ झाला होता, त्याला वास येत होता. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पर्यवेक्षिका बाई फोटो काढायला येणार होत्या. मी स्वतःला सांगितलं की पोरगी रडेल. ती रडणाऱ्यातली नव्हती, हे मला माहीत होतं. मला बावीसच्या बावीस पेले फोटोत हवे होते.

मी घरी गेले, कुंडीतलं शेंगदाण्याचं एक रोप मुळासकट काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळून परत बालवाडीत आले. छत्रीच्या पेल्यातली माती दाण्यासकट मागच्या बाजूला नळाच्या पलीकडे टाकून दिली, नवी माती भरली, रोप लावलं. त्या दिवशी दोनदा रिक्षा झाली. काम नीट झालं होतं. ओळीत कुठे कमी-जास्त दिसत नव्हतं.

सोमवारी मुलं आली ती सरळ खिडकीवर तुटून पडली. "माजं आलं! माजं मोठं हाय! बाई, ह्याचं वाकडं हाय!" पर्यवेक्षिका बाई दारात फोन उघडून उभ्या होत्या. छत्रीवाली आली, तिनं आपला पेला शोधला, वाकून बघितला. मग दोन बोटं मातीत घातली आणि रोप उपटून बाहेर काढलं.

"बाई, हिनं उपटलं!" एकानं चहाडी केली.

"अगं, काय करतेस?"

"हा माजा न्हाय."

"छत्री कोणाची?"

"छत्री माजी. दाणा माजा न्हाय."

"कशावरून?"

"मी दोरा बांधला होता. हिरवा. तुमीच म्हणला, आपला आपल्याला वळकाय पायजे."

ती टॉवेल विणणाऱ्याची मुलगी. बापाच्या मागाखाली पडलेला दोरा उचलून तिनं दाण्याच्या कमरेला गाठ मारली होती आणि मग तो मातीत घातला होता. मला कोणी सांगितलं नाही, मी बघितलं नाही, आणि आदल्या दिवशी चिखलात तो दिसलाही नाही.

मी म्हटलं, "दोरा मातीत कुजला असेल."

यावर तिनं विचार केला. खरोखर केला, मान तिरकी करून. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही माझं बोलणं तपासून बघते आहे.

"दोरा कुजत न्हाय, बाई. आमच्या दारात गटारीत पडल्यालं हायेत. लाल बी, हिरवं बी. पावसाळ्यातलं हायेत, तसंच हायेत."

पर्यवेक्षिका बाई हसल्या. "अगंबाई! वकीलच दिसतेय ही."

मी म्हटलं, "पुरे आता. तुझाच आहे तो. लाव परत आणि जागेवर बस."

तिनं रोप लावलं, माती दाबली, हात फ्रॉकला पुसले. मग शेजारच्या मैत्रिणीकडे वळून हळूच म्हणाली, "इदि नादि कादु." इतकी वर्षं पूर्व भागात काढल्यावर एवढं तेलुगू मला कळतं. हा माझा नाही. मला सांगितलेलंच वाक्य तिनं तिच्या भाषेत, ऐकून घेईल अशा माणसाला सांगितलं.

फोटो छान आला. आम्हा बालवाडीच्या बायकांच्या मोबाईल ग्रुपवर पर्यवेक्षिका बाईंनी तो टाकला, खाली अंगठ्यांची रांग लागली.

त्यानंतर ती मुलगी खिडकीकडे गेली नाही. तिच्या पेल्याला मावशी पाणी घालायच्या, तांब्यानं. रोप तरीही वाढलं. ती ओळीत बसायची, हाताची घडी घालून, जशी मी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना बसवायची तशी. मी मुद्दाम नवं लोहचुंबक आणलं, तिच्या हातात दिलं. तिनं धरलं. मी विचारलं, "हे चिंचेच्या बीला चिकटेल का? तुला काय वाटतं?"

"तुमी सांगा."

"आपण बघूया का?"

"तुमी सांगा ना, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती, त्याची मला सवय आहे. तिनं फक्त एक गोष्ट शिकून घेतली होती. आपल्याला काय दिसलं याला अर्थ नसतो, बाई म्हणतील ते असतं. जूनमध्ये ती पहिलीत जाणार. तिथे साठ मुलांच्या वर्गात 'तुमी सांगा' म्हणणाऱ्या मुलीला कोणी काही म्हणणार नाही, उलट शहाणी म्हणतील. मग तिला तसंच राहायला कोणाची आडकाठी नाही. आणि ते मी केलेलं असेल.

खरं सांगून टाकावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण एका शेंगदाण्यासाठी एवढं काय, ती विसरेल, बाकीच्यांसमोर आपली काय किंमत राहील, मावशी काय म्हणतील, असं म्हणत दिवस गेले. घरी जाताना माझ्याकडे काही नसायचं. भाकरी, भाजी, बातम्या, झोप. एकदा मिक्सर लावला तेव्हा ओट्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला.

एक फेब्रुवारीला, रविवारी, पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रती गोळा करायला मी घरोघर फिरत होते. तिच्या घरी शेवटी गेले. गल्लीत माग चालू होते, बोलायला आवाज चढवावा लागत होता. आई उंबऱ्याच्या आत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी आले म्हणून तिची बोटं थांबली नाहीत. पाठीमागे चुलीवरून उतरवलेली कढई होती. घरभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास.

"या बाई, बसा की. ए, बाईंना ते डबं दे."

मुलीनं डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि जाऊन भिंतीला टेकून बसली.

"खावा की. आत्ताच भाजल्यालं हायेत. दर रविवारी भाजून ठिवते, चटणीला बरं पडतं. कच्चं काय घरात टिकत न्हाय, किडं पडतंय."

मी मूठभर घेतले.

"ह्यातलाच नेला होता हिनं तुमच्याकडं, मातीत घालायला. मी म्हटलं, एक कशाला, पसाभर ने. तर म्हणली, बाईंनी एकच सांगितलाय."

मी चावायची थांबले.

भाजलेला दाणा. तो उगवणार कसा? मी स्वतः दर रविवारी शेंगदाणे भाजते. माझ्याही डब्यात कच्चा दाणा नसतो. जादाची रोपं लावायची म्हणून मी मुद्दाम वाण्याकडून कच्चे आणले होते, म्हणजे भाजलेला उगवत नाही हे मला पुरेपूर ठाऊक होतं. तरी पेल्यातला दाणा मेलेला बघून मला एकदाही वाटलं नाही की हिला विचारावं, कुठून आणलास, कसा होता. बावीस पेल्यांत शिकण्यासारखं काही घडलं होतं ते त्या एकातच. माझा का उगवला नाही, असं तिनं विचारलं असतं, आणि ती विचारल्याशिवाय राहिली नसती, तर आम्ही एक भाजलेला, एक कच्चा, एक उकडलेला लावून बघितला असता. आठवडाभर वर्गाला काम झालं असतं. ते मी उचलून नळाच्या पलीकडे टाकलं, आणि वर तिला सांगितलं की तुझे डोळे चुकतात.

आई म्हणाली, "एक सांगू का बाई? तुमचं उपकार हायेत. लई बडबड करायची ही. हे का, ते का. बाप कामावरनं आला की त्याचं डोस्कं खायची. आता दोन आठवडं झालं, गप असती. सुधरली बघा तुमच्यामुळं."

मुलगी जमिनीकडे बघत होती. आपलं कौतुक चाललंय हे तिला कळत होतं.

मी दाखल्याची प्रत घेतली, 'येते' म्हटलं आणि निघाले. मुठीतले दाणे तसेच होते. रिक्षात बसल्यावर ते पर्समध्ये टाकले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, जेवलीस का?"

"नाही."

शेगडीकडे वळवलेला फोन त्यानं परत स्वतःकडे वळवला. "का?"

"एका मुलीशी खोटं बोलले मी. शाळेतल्या."

मी त्याला पेल्यांचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग हसला. "आई, शेंगदाण्यावरून? पाच वर्षांची आहे ती. विसरलीसुद्धा असेल." मग त्याला दुसरा फोन आला. "नंतर बोलू," म्हणाला. मी वरण-भात गरम करून जेवले. तो पाच वर्षांचा असताना काय विचारायचा ते आठवून बघितलं. काही आठवलं नाही. तेव्हा मी सगळ्याची उत्तरं देत असे.

सोमवारी सकाळी मी लवकर पोचले. मुलं आल्यावर त्यांना गोल बसवलं.

"मला काहीतरी सांगायचं आहे. छत्रीच्या पेल्यातला दाणा उगवला नव्हता. सुट्टीत मी तो काढून टाकला आणि माझ्या घरचं रोप लावलं. ही म्हणाली, माझा नाही, ते बरोबर होतं. तिनं नीट बघितलं होतं. मी खोटं बोलले."

एकानं काळजीनं विचारलं, "मग बाई, तुमाला कोण मारनार?"

सगळी हसली. मावशी खिचडीचं पातेलं सोडून दारात आल्या. "काय हो बाई, लेकरांफुडं असलं बोलत्यात व्हय? उद्या डोक्यावर बसतील."

"बसू देत."

ती मुलगी मात्र हसली नव्हती. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, बरं बाई, आणि हाताची घडी घालेल.

"मग माजा कुटं हाय?"

"मागे टाकला. नळाच्या पलीकडे, मातीत."

"कवा?"

"सुट्टीच्या शेवटच्या दिवशी. पंधरा दिवस झाले. आता नसेल गं तो. मुंग्या, उंदीर..."

"तुमी बघितलाव?"

"नाही."

ती उठली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि थांबली. मी मावशींना वर्गाकडे बघायला सांगून तिच्या मागे गेले. नळाच्या पलीकडे पालापाचोळा साचला होता. पेल्यातली माती मी कुठे ओतली ते मला नेमकं आठवेना. अंदाजानं भिंतीजवळची जागा दाखवली.

तिनं जागा बघितली, नळ बघितला, खाली ओल कुठवर गेली होती तेही बघितलं.

"तितं नसंल. पाणी हिकडनं जातंय, तर माती बी हिकडं आली असंल." तिनं चपलेच्या टोकानं रेघ मारली. "हितं उकरा."

मी पदर खोचला, खराट्याची एक काडी मोडून घेतली आणि उकिडवी बसून तिनं दाखवलं तिथं उकरायला लागले. वर्गातून बाकीच्यांचा गलका ऐकू येत होता. ती माझ्यासमोर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि मी चुकीच्या बाजूला गेले की सांगू लागली.